पुरेशाचा हिशेब

भारतातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न किती, हा हिशेब पहिल्यांदा मांडला दादाभाई नौरोजींनी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाईंनी १८७० साली लंडनमध्ये ‘वॉन्ट्स अँड मीन्स ऑफ इंडिया’ हा निबंध वाचला आणि १८७६ मध्ये मुंबईत ‘पॉव्हर्टी ऑफ इंडिया’ हा त्याहून मोठा. सरकारच्याच अहवालांतून प्रांतवार पिकांचे, मिठाचे, खाणींचे आकडे जमवून त्यांनी उत्तर काढले : माणशी वर्षाला सुमारे वीस रुपये. हे वीस रुपये आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असतात. पण दादाभाई तेवढ्यावर थांबले नव्हते. माणसाच्या अंगावर धड कपडा आणि पोटात धड अन्न जायला किती लागते, याचाही त्यांनी शोध घेतला. त्यासाठी तुरुंगांचे जमाखर्च तपासले. कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जेवढे खर्च करते तेवढेसुद्धा मोकळ्या माणसाच्या वाट्याला येईल इतके उत्पादन या देशात होत नाही, हे त्यांनी इंग्रजांना त्यांच्याच कागदांतून दाखवले.

म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा आला तो जोडीने. एका रकान्यात किती पिकते, शेजारच्या रकान्यात किती लागते. दोन्ही एकत्र वाचले तरच दादाभाईंचे म्हणणे कळते, आणि मग तिसरा प्रश्न आपोआप उभा राहतो : जे पिकते ते जाते कुठे?

आज अर्थसंकल्पाच्या भाषणात आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत पहिलाच रकाना भरलेला असतो. वाढीचा दर किती, गेल्या तिमाहीपेक्षा जास्त की कमी, जगात आपला क्रमांक कितवा. किती लागते, कोणाला लागते आणि कशासाठी लागते, हा रकाना कोरा. या पुस्तकाचा विषय तो कोरा रकाना आहे. अर्थव्यवस्था दरवर्षी मोठी होत राहिली नाही तरी समाजाला सुखाने आणि न्यायाने जगता येईल का, येत असेल तर त्यासाठी काय काय बदलावे लागेल, याचा विचार पुढच्या प्रकरणांत आहे. मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये, तो युरोपातल्या सुखवस्तू प्राध्यापकांचा आहे असा समज होऊ नये, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वाढणारा समाज वेगळा आणि वाढीवाचून उभाच राहू न शकणारा समाज वेगळा. समजा, एखाद्या वर्षी देशाचे उत्पादन बरोबर गेल्या वर्षाइतकेच झाले. तेवढेच धान्य, तेवढेच कापड, तेवढीच औषधे, तेवढीच घरे. तर्काने पाहिले तर माणसे गेल्या वर्षी जशी जगली तशी याही वर्षी जगायला हवीत. प्रत्यक्षात त्या वर्षाला मंदीचे वर्ष म्हणतात. कारखान्यांच्या दारावर कामगारकपातीच्या याद्या लागतात, सरकारची करवसुली अंदाजाच्या खाली येते, कर्जाचे हप्ते थकतात, भरती थांबते. वस्तू तेवढ्याच असून माणसे मात्र उघड्यावर येतात. या विचित्र अवस्थेला वाढीवरचे अवलंबित्व म्हणायचे.

ते कसे तयार होते? यंत्रे सुधारतात, कामाच्या पद्धती सुधारतात, तेव्हा तेवढाच माल काढायला दरवर्षी थोडी कमी माणसे लागतात. उरलेल्यांना काम द्यायचे तर माल वाढवावा लागतो. सरकार कर्ज काढते ते उद्याचे उत्पन्न आजच्यापेक्षा मोठे असेल या भरवशावर, आणि व्याजापेक्षा वाढीचा दर जास्त असेपर्यंत ते कर्ज डोईजड वाटत नाही. म्हातारपणाची पुंजी शेअर बाजाराला बांधलेली असेल, तर सत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेची औषधे कंपन्यांच्या पुढच्या वर्षीच्या नफ्यावर अवलंबून राहतात. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातले लाखो सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, त्या मागणीच्या योग्यायोग्यतेवर वाद होऊ शकेल, पण तिच्या मुळाशी म्हातारपण बाजाराच्या भरवशावर जाण्याची भीती होती आणि ती खरी होती. यात कुणाची हाव शोधण्याचे कारण नाही. हावरटपणा सोडा, साधेपणाने राहा, असा उपदेश करून हा पेच सुटत नाही, कारण साध्यासुध्या, काटकसरी माणसाची भाकरीसुद्धा या वाढीला टांगलेली आहे.

तरीही या सगळ्यांच्या तळाशी एक राजकीय कारण आहे आणि माझ्या मते तेच मुख्य. वाटणीचा प्रश्न पुढे ढकलण्यासाठी वाढ वापरली जाते. हेन्री वॉलिच हे येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ वाढीचे खंदे समर्थक. १९७२ च्या जानेवारीत ‘न्यूजवीक’मधल्या स्तंभात त्यांनी हे कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले होते. उत्पन्नातल्या समतेच्या जागी वाढ काम भागवते, वाढ आहे तोवर लोकांना आशा असते आणि आशेच्या बळावर मोठी विषमताही सोसली जाते, असा त्यांचा आशय. वाढीच्या बाजूने याहून प्रामाणिक युक्तिवाद माझ्या वाचनात नाही. तुमच्या ताटात आज कमी का, असे विचारणाऱ्याला, थांबा, स्वयंपाक अजून चालू आहे, एवढेच उत्तर पिढ्यान्‌पिढ्या देत राहायचे. चुलीला सरपण मिळेल याची खात्री असेपर्यंत ते उत्तर खपते.

सरपणाचा प्रश्न त्याच वर्षी ऐरणीवर आला. १९७२ च्या मार्चमध्ये ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. डोनेला आणि डेनिस मेडोज, यॉर्गन रँडर्स आणि विल्यम बेरन्स या चौघांनी एमआयटीत संगणकावर जगाचे एक गणित मांडले होते : लोकसंख्या, शेती, कारखानदारी, खनिजे आणि प्रदूषण यांचा परस्परांवर काय परिणाम होतो. त्या पुस्तकाने अमुक साली तेल संपेल असे भाकीत केले आणि ते खोटे ठरले, असे आजही सांगितले जाते. ते खरे नाही. आहे तेच असेच चालू ठेवले तर येत्या शंभर वर्षांत कधीतरी मर्यादा गाठल्या जातील, आणि वेळीच वळण घेतले तर सर्वांच्या मूलभूत गरजा भागवणारा स्थिर समाज शक्य आहे, असे त्यात म्हटले होते. पहिले विधान गाजले, दुसरे दुर्लक्षित राहिले. सात टक्क्यांनी वाढणारी वस्तू दहा वर्षांत दुप्पट होते आणि शंभर वर्षांत आठशे पटींहून मोठी, हे चक्रवाढीचे गणित शाळेतल्या मुलालाही येते. मोठी माणसे ते पैशाला लावतात, मातीला आणि पाण्याला लावत नाहीत.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. तिथे इंदिरा गांधींनी विचारले, गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत काय? प्रश्न रास्त होता. ज्यांनी दोनशे वर्षे जगाची लाकडे जाळली त्यांनी आता आम्हाला चूल विझवायला सांगू नये, ही भावना आजही प्रत्येक हवामान परिषदेत ऐकू येते. तिच्यामागे आकड्यांचे बळ आहे : भारतात माणशी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. त्यामुळे वाढीची मर्यादा हा विषय काढताच आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया संशयाची असते, आणि ती तशीच असायला हवी.

आणि ते १९७२ होते. महाराष्ट्रात त्या वर्षी पाऊस आला नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की जुन्या माणसांना अजून सुकडी आठवते, मिलो आठवते, रस्त्याच्या कामावरची खडी आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्या दुष्काळातून राज्यात दोन गोष्टी घडल्या, आणि वाढीपलीकडच्या समाजाचा विचार करणाऱ्या जगातल्या कोणाही माणसाने त्या अभ्यासाव्यात इतक्या मोलाच्या त्या आहेत.

एक रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि मागेल त्याला काम देणे ही सरकारची कायदेशीर जबाबदारी ठरली. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि तितकीच भर सरकारने घालायची असे ठरले. अर्थव्यवस्था मोठी होईल, मग कारखाने येतील, मग तुला काम मिळेल, असे त्या मजुराला सांगितले गेले नाही. आहे त्यातून, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून घेऊन, आजच काम. पगारपत्रकातली ती छोटीशी वजावट कशासाठी सुरू झाली, हे आता बहुतेक पगारदारांना ठाऊक नसते. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तो महाराष्ट्राच्या अनुभवाच्या पायावर.

दुसरी गोष्ट पुरंदर तालुक्यातल्या नायगावची. विलासराव साळुंखे हे पुण्यातले अभियंते, स्वतःचा कारखाना चालवणारे. दुष्काळात पुरंदरची अवस्था त्यांनी पाहिली, नायगावच्या देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाझर तलाव आणि विहीर केली, आणि पडीक माळावर धान्य पिकवून दाखवले. इथपर्यंतची कथा पाणलोट विकासाच्या इतर यशोगाथांसारखीच आहे. वेगळेपण आहे ते पुढच्या प्रश्नात : पाणी आले, आता ते कोणाचे?

साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने दिलेले उत्तर असे. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. वीस एकरांचा धनी असो की दोन एकरांचा, नियम एकच. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा; त्याने तो दुसऱ्याच्या रानात वाट्याने करून वापरावा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही, तो पंचायतीकडे परत येईल. योजना एकट्यादुकट्याची नसेल, गटाची असेल, आणि खर्चाचा काही हिस्सा गटातल्या प्रत्येकाने उचलायचा. पाणी सोडायला गटाचा पाटकरी. आणि बारमाही पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही, म्हणजे ऊस लावायचा नाही.

हे नियम मी मुद्दाम सगळे लिहिले, कारण मर्यादा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर उणेपणा येतो, सोसणे येते. नायगावच्या नियमांत मर्यादा आहे ती वरच्या टोकाला, आणि तिच्यामुळेच खालच्या टोकाला हमी देता आली. अडीच एकरांची कमाल मर्यादा नसती तर भूमिहीनाचा वाटा कुठून निघाला असता? पाणी वाढवून सर्वांना देऊ असे म्हणण्याची तिथे सोय नव्हती, कारण पुरंदरच्या पूर्व भागात आकाशातून येते तेवढेच पाणी. त्यामुळे वाटणीचा प्रश्न पुढे ढकलता आला नाही. गावकऱ्यांना समोरासमोर बसून तो सोडवावा लागला.

राज्याने मात्र दुसरी वाट धरली. पाणी जमिनीच्या मागे जाऊ दिले. ज्याची जमीन मोठी, ज्याची मोटार मोठी, ज्याच्या शेतात बोअर खोल, त्याचे पाणी. लागवडीखालच्या जमिनीच्या अगदी थोड्या टक्क्यांवर उभा असलेला ऊस राज्याच्या सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी पितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते. कारखान्याचे गाळप, साखरेची विक्री, पाण्याचे टँकर, खोल आणखी खोल जाणाऱ्या बोअरची मशिने, या सगळ्यांची भर राज्याच्या उत्पन्नात पडते. टँकर फिरला की उत्पन्न वाढते, विहिरीला पाणी राहिले तर वाढत नाही. इतके उघड उदाहरण समोर असताना हा आकडा कल्याणाचे माप म्हणून आपण अजून कसा चालवून घेतो?

हिवरे बाजारचे नाव इथे घ्यायलाच हवे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही, मोकाट चराई आणि झाडतोड करायची नाही, असे ठरवले आणि ते पाळले. पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी प्यायला, मग जनावरांना, उरेल त्यावर पिके ठरवायची. तिथली मिळकत वाढली, गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. वाढीचे समर्थक यावर म्हणतील, पाहा, शेवटी वाढच झाली. झाली, आणि त्यात वावगे काही नाही. मिळकत वाढणे हा गुन्हा आहे असे या पुस्तकात कोणी म्हटलेले नाही. गावाने पाण्याची सीमा आधी आखली आणि तिच्या आत जे वाढेल ते वाढू दिले. सीमा ओलांडून वाढवले नाही. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला तर कमी पिकवायचे, हे त्या गावाला माहीत आहे आणि त्या वर्षी गाव कोसळत नाही.

कामाच्या तासांबद्दलही आपल्याकडे असाच एक जुना दाखला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. १८९० मध्ये महालक्ष्मीजवळ हजारो कामगारांची सभा झाली, तिथे स्त्री कामगारही बोलल्या, आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपला रविवार असा आला. यंत्राने वाचवलेल्या श्रमाचा मोबदला कामगारांनी तिथे वेळेच्या रूपात घेतला. १९३० साली अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी लिहिले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरे होईल. शंभर वर्षे भरत आली. उत्पादकता त्यांच्या अंदाजाप्रमाणे वाढली, तास त्या मानाने उतरले नाहीत, कारण वाचलेला जवळजवळ सगळा वेळ आणखी माल काढण्यात घातला गेला. आणि आपल्याकडे तर आठवड्याला सत्तर तास काम करा, असे आवाहन उद्योगपती जाहीरपणे करतात. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने आठवड्याची मर्यादा तीच ठेवून कारखान्यांतला कामाचा दिवस नऊऐवजी बारा तासांपर्यंत लांबवण्यास मंजुरी दिली. लाखो तरुण रिकाम्या हाताने भरतीच्या जाहिरातींची वाट पाहत असताना, हातात काम असलेल्याचा दिवस लांबवायचा, याला मी धोरणातला क्रूरपणा म्हणेन. काम वाटून घेतले तर बेकारी हटवायला माल वाढवण्याची सक्ती सैल होते. लोखंड्यांच्या मुंबईला जे समजले ते आजच्या मुंबईला समजू नये, हे दुःखाचे आहे.

आता त्या आक्षेपाकडे येतो ज्याचे उत्तर दिल्याखेरीज मराठीत हा विषय मांडताच येऊ नये. तो नीट समजायला सुरुवात कुमारप्पांपासून करावी लागते. जे. सी. कुमारप्पा हे या विचाराचे आपल्या भूमीवरचे आद्य अर्थशास्त्रज्ञ. लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून शिकलेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारण शिकलेले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी वर्ध्याला मगनवाडीतून चालवले आणि जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले. साठ्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि प्रवाहावर जगणारी अर्थव्यवस्था असा भेद त्यांनी केला. कोळसा आणि पेट्रोल हा साठा, तो उपसला की संपतो आणि त्यावरून भांडणे होतात. ऊन, पाऊस, झाडझाडोरा हा प्रवाह. शूमाखर यांच्यासारख्या पाश्चात्य विचारवंतांनी पुढे त्यांचे ऋण मानले. वर्ध्यात लिहिल्या-बोलल्या गेलेल्या या गोष्टी आज वर्ध्याच्या विद्यार्थ्याला परदेशी पुस्तकांतून कळाव्या लागतात.

पण कुमारप्पांचे गाव आणि डॉ. आंबेडकरांचे गाव एक नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द काढले ते अनुभवातून आलेले होते. आहे त्यात समाधान मान, तुझ्या वाट्याचे काम कर, जास्त मागू नकोस, हा उपदेश या देशात शतकानुशतके एकाच बाजूला केला गेला. दलिताला ‘पुरे’ म्हणायला लावणारी व्यवस्था आपल्याकडे आधीपासून होतीच. महाडच्या तळ्यात पाण्याचा तुटवडा नव्हता, तरी १९२७ मध्ये त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. गावाबाहेरच्या वस्तीतला मुलगा गिरणीत, रेल्वेत, लष्करात गेला आणि त्याला माणूस म्हणून उभे राहता आले, ते वाढणाऱ्या शहरामुळे. त्याच्या नातवाला वाढ थांबवा असे सांगायला जाणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

या आक्षेपापुढे मी मान झुकवतो, आणि तरीही म्हणतो की तो वाढीच्या बाजूने पुरावा ठरत नाही. शहराने दलिताला जे दिले त्यात वाढीचा हिस्सा होता, तसा कायद्याचा, शिक्षणाचा, आरक्षणाचा, संघटनेचा होता. वाढ तर आज पूर्वीपेक्षा वेगवान आहे, आणि गटारात उतरणारी माणसे अजून त्याच जातींची आहेत. वाढीने जात आपोआप वितळत नाही. मर्यादेचा विचार मात्र जातीचे भान ठेवून केला नाही, तर तो पुन्हा खालच्या माणसाच्याच गळ्यात पडेल. म्हणून कोणतीही योजना पुढे आली की आधी पाहायचे, कमाल मर्यादा कोणावर बसते आणि किमान हमी कोणाला मिळते. नायगावने भूमिहीनाला पाण्यात वाटेकरी केले, म्हणून ती योजना मला ग्रामोद्धाराच्या शंभर भाषणांहून मोलाची वाटते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेले बळीराजा धरण आणि तिथली समन्यायी पाणीवाटपाची चळवळ हीसुद्धा याच वाटेवरची.

यंत्रे आणि इंधन स्वच्छ करू, मग हवे तितके वाढू, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. ब्रिटनसारख्या काही देशांत उत्पन्न वाढत असताना कार्बनचे उत्सर्जन घटले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण साऱ्या जगाने पृथ्वीतून दरवर्षी उपसलेला माल, म्हणजे खनिजे, इंधने, रेती-खडी, पिके आणि लाकूड, १९७० मध्ये सुमारे ३० अब्ज टन होता आणि आता तो १०० अब्ज टनांच्या वर गेला आहे. काटकसरीचे यंत्र आले की वापर वाढतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी कोळशाबद्दल १८६५ मध्येच लिहून ठेवले. ठिबक आले, एकरी पाणी वाचले, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर ओलिताखाली आले, हे आपल्या शेतकऱ्याला जेव्हन्स न वाचताही माहीत आहे. तंत्रज्ञान हवेच. पण पाणी वाचवायचे ते ठिबकने आणि राखायचे ते नियमाने, अशी दोन्ही कामे वेगळी आहेत.

मग ज्यांच्याकडे अजून पुरेसे नाही त्यांचे काय? त्यांच्याकडे वाढ व्हायलाच हवी : घरात नळ, गावात डॉक्टर, शाळेत शिक्षक, पोटभर आणि पौष्टिक जेवण. मात्र त्यासाठी सगळ्या अर्थव्यवस्थेने आंधळेपणाने फुगत राहण्याची गरज नाही. केरळात बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी आहे. आखातातून येणाऱ्या पैशाचा त्या राज्याला आधार आहे हे खरे, पण शाळा, दवाखाने आणि जमीन सुधारणा त्या पैशाच्या आधीच्या आहेत. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेज यांनी २०१३ च्या त्यांच्या पुस्तकात दाखवले की भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशापेक्षा वेगाने वाढत असताना आयुर्मान, लसीकरण, बालमृत्यू या बाबतींत बांगलादेश आपल्या पुढे गेला. आरोग्य आणि शिक्षण या गोष्टींना माणसे लागतात, माती-लोखंड-कोळसा त्या मानाने फार थोडा लागतो. आणि नेमकी हीच कामे आपण सर्वांत स्वस्तात करून घेतो. आशा सेविकेला आणि अंगणवाडी ताईला पगार नाही, मानधन आहे. ते वाढवून मागायला त्यांना आझाद मैदानात उन्हात बसावे लागते. समाजाने आपली शक्ती कुठे लावावी हे ठरवायची वेळ येईल तेव्हा सुरुवात तिथून करावी.

शेवटी पुन्हा पहिल्या रकान्यातल्या आकड्याकडे. अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या संसदेसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब तयार केला, तेव्हाच बजावले होते की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. १९४९ मध्ये आपल्या सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली, तिच्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांबरोबर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांनी २०११ मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला. वडिलांच्या पिढीच्या हिशेबात जे मावले नव्हते, डोंगर, झरे, जंगल आणि त्यावर जगणारी माणसे, ते मुलाने मोजले आणि निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असे सांगितले. तो अहवाल आपण स्वीकारला नाही. मला ही आपल्या काळातली मोठी चूक वाटते.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने एक ध्यानात ठेवावे. यात कोणताही आदर्श समाज रंगवलेला नाही आणि कोणाला लंगोटी नेसायला सांगितलेले नाही. काम, कर्ज, म्हातारपण, पाणी, जमीन, शेती, कर या एकेका बाबतीत समाज वाढीला कसा बांधला गेला आणि ती गाठ कशी सैल करता येईल, एवढाच प्रयत्न आहे. काही उत्तरे अपुरी आहेत. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हिवरे बाजारसारखी गावे थोडीच आहेत, आणि एका गावाचा नियम साडेबारा कोटींच्या राज्याला तसाच लागू पडत नाही. पण नियम करता येतात, माणसे ते पाळतात आणि त्यातून सुखाने जगतात, एवढे या राज्याने स्वतः करून पाहिले आहे. आपल्या गावात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मागा. शहरात असाल तर महापालिकेच्या अर्थसंकल्पात उड्डाणपुलांना किती आणि दवाखान्यांतल्या माणसांना किती, ते विचारा. या पुस्तकाशी सहमत होण्याआधी किंवा ते मोडीत काढण्याआधी एवढे जरूर करा.